इंगळीच्या पेटीवरचं नाव

झुरळाला घाबरणाऱ्या माणसाने कीटकांचं केंद्र काढू नये, हे कळण्याइतकी अक्कल वयाच्या चोविसाव्या वर्षी मला असायला हरकत नव्हती. पण मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, आणि त्या पदवीने डोक्यातली बरीच जागा अडवली होती. विषय प्राणिशास्त्र. नगरच्या कॉलेजात दोघादोघांनी मिळून प्राणी कापायचे असत. कापायचं काम माझा जोडीदार करायचा आणि मी दोघांच्या वह्यांत आकृत्या काढायचो. आकृत्या इतक्या सुबक असायच्या की प्राध्यापक त्या वर्गात फिरवून दाखवत. ज्या झुरळाच्या मी कधी तीन हातांच्या आत गेलो नाही, त्याच्या पायावरचा केस अन् केस माझ्या वहीत असे. घरी मात्र मोरीत झुरळ दिसलं की मी आईला हाक मारायचो, आणि ती केरसुणी घेऊन येईपर्यंत स्टुलावर उभा राहायचो.

बाहत्तर साली मला मिरजगावहून आत, कच्च्या रस्त्यावरच्या एका गावी हायस्कुलात विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. नेमणूक तात्पुरती होती. काम समाधानकारक वाटलं तर पुढच्या जूनमध्ये कायम, असं पत्रात लिहिलं होतं आणि ते पत्र मी दिवसातून एकदा तरी काढून वाचायचो. गावात खानावळ नव्हती, म्हणून मी हेडमास्तरांकडे जेवायचो. सकाळी त्यांच्या हाताखाली काम आणि दुपारी त्यांच्याच घरची मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी. अशा माणसाशी वाद घालता येत नाही, आणि तसाही वाद घालणं हा माझा पिंड नव्हता.

दुष्काळाचं साल होतं. निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला जायचं, आणि वर्गातली निम्मी मुलं आईबापांच्या मागे तिकडेच असायची. त्यात दिवाळीनंतर वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने एखादा अभिनव उपक्रम सुरू करावा, शिक्षणखात्याचे साहेब स्वतः पाहायला येतील. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. कुणी म्हणालं, बाग करू. दुसऱ्याने विचारलं, पाणी कुठाय? कुणी कोंबड्या सुचवल्या. त्यांनाही पाणी लागतं. सगळे गप्प बसले. तेव्हा शांतता फार झाली की काहीतरी बोलून टाकायची मला खोड होती.

"कीटक," मी म्हणालो. "त्यांना पाणी लागत नाही."

झालं. मागचीपुढची काही चौकशी न करता उपक्रम ठरला. हेडमास्तरांनी अभिनंदन केलं, जोडीला कोळी, विंचू, गोगलगायीही ठेवा म्हणाले, आणि कोपऱ्यातली, मुलांना खायला वाटायच्या सुकडीची पोती ठेवायची खोली मला मोकळी करून दिली. तिच्या दारावर मी स्वतःच्या हाताने फळा रंगवला: 'कीटक व अपृष्ठवंशीय प्राणी शैक्षणिक केंद्र'. अक्षर देखणं आलं होतं. गावाने त्याकडे एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून खोलीला 'किड्यांची शाळा' म्हणायला सुरुवात केली.

आता पेट्या हव्यात. हेडमास्तर गावातल्या अकरा प्रतिष्ठितांना भेटून आले आणि प्रत्येकाने एकेक पेटी कबूल केली. चहाच्या खोक्याच्या फळ्या, समोर काच, वर जाळीचं झाकण. आपल्याकडे देणगी आणि नाव यांची फारकत होत नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव असतं, पायरीवर असतं, शाळेच्या घड्याळावर तर आकड्यांपेक्षा नाव मोठं असतं. तेव्हा पेट्या येतानाच काचेखालच्या पट्टीवर देणगीदाराचं नाव रंगवून आल्या. मी त्या भिंतीशी ओळीने मांडल्या आणि जसजसे प्राणी येतील तसतसे, मापाप्रमाणे, त्यांत भरत गेलो. प्रत्येक काचेवर प्राण्याच्या नावाची चिठ्ठी डकवली. शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती माझ्यात तेव्हा ओतप्रोत भरलेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, विज्ञान खेड्यापर्यंत पोचलं. माणसं काचेजवळ जायची, वाचता येणारा मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि बाकीचे भिंतीला धरून हसायचे. तालमीला नारळ फोडणाऱ्या पैलवानाच्या नावावर गोगलगाय आली होती. भजनी मंडळाच्या बुवांच्या नावावर शेणकिडा होता. आणि सोसायटीच्या चेअरमनांच्या नावाच्या पेटीत, काचेला घट्ट चिकटून, एक टपोरी गोचीड बसली होती.

चेअरमन दुपारी स्वतः आले. त्यांनी पेटीकडे बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ही माझ्याच डब्यात का?"

"मापाने बसली, साहेब," मी म्हणालो. "गोचीड लहान, तुमची पेटीही सगळ्यांत लहान."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेले. त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी आली, पण बरोबरचं बोलणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अकराही नावं खरवडून काढली आणि दारातल्या वेगळ्या फळीवर सगळी एका ओळीत लिहिली, प्राण्यांपासून सुरक्षित अंतरावर. पेट्यांवर यापुढे कुठल्याही माणसाचं नाव येणार नाही, असं हेडमास्तरांनी मला बजावलं.

या पेट्या भरल्या कुणी, हे मी अजून सांगितलेलं नाही. तेव्हाही सांगत नसे.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे होती ती एक मेलेली माशी आणि वर्गातल्या मुलांनी आणलेले दोन नाकतोडे. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर तलावाच्या कामावरून परतणारी एक बाई दारात आली. तिशीची असेल. हातात डालड्याचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं.

"किडं हितंच घेत्यात का?"

मी हो म्हणालो. तिने फडकं सोडलं आणि डबा टेबलावर उपडा केला. आतून वीतभर लांब, काळीकुळकुळीत इंगळी बाहेर आली आणि माझ्या हजेरीपटावरून चालायला लागली. इंगळी म्हणजे मोठा विंचू. मी खुर्चीवर कसा चढलो ते मला आठवत नाही. उतरलो ते आठवतं, कारण बाईने इंगळीच्या नांगीच्या जरा खाली दोन बोटांनी धरून तिला उचललं, सुकडीच्या रिकाम्या पातेल्यात टाकलं, आणि मग मला हात दिला.

"भिऊ नगा गुर्जी. धराया येतं."

तिला सगळंच धरायला येत होतं. तलावावर दगड उलटताना, मुरूम उकरताना जे निघेल ते बाकीच्या बाया पाटीने ठेचायच्या. ही उचलून डब्यात टाकायची. गोमेसारखी लांबलचक घोण आणली, कोळी आणले, कोरड्या विहिरीच्या तळातून गोगलगायी आणल्या, म्हशीच्या कासेवरची ती ऐतिहासिक गोचीडही तिनेच आणली. रोज संध्याकाळी घरी जाता जाता यायची, झाकणं उघडायची, ज्याला जे खायला लागतं ते घालायची. आमच्या भिंतीतली झुरळं ती हाताने पकडायची. मी दाराशी उभा राहून वहीत नोंद करायचो: 'आज इंगळीस आहार दिला.' कुणी दिला, हे लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.

तिच्याबद्दल गावात सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की नवरा नांदवत नाही. भावाच्या घराला टेकून पत्र्याचा आडोसा होता, त्यात ती राहायची. सासरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं आणि माहेरी ते पुन्हा कुणी उचललं नव्हतं. कामाच्या हजेरीवर 'अमक्याची बहीण' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे ती अंगठा उठवायची. हे मला तिने स्वतः सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. दारातली नावांची फळी लावली त्या दिवशी ती तिच्यासमोर उभी होती.

"काय लिवलंय ह्यात?"

मी अकरा नावं वाचून दाखवली.

"मंजी डबं देनाऱ्यांची. आन् किडं देनाऱ्याचं?"

मी हसलो. ती हसली नाही.

"हजेरीवर भावाचं नाव, रेशनवर भावाचं. मला माजं नाव लिवल्यालं बघायचंय गुर्जी. ल्हान लिवा. पर माजंच लिवा, म्होरं कुनाचं नगं."

मी त्याच क्षणी, मन अगदी भरून येऊन, शब्द दिला. इंगळीच्या पेटीवर लिहितो म्हणालो. इंगळी आमच्या केंद्राची शान होती, लोक लांबून तिच्यासाठी यायचे. तिचं तोंड असं काही उजळलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. हातून काही चांगलं घडायच्या आधीच अभिमान वाटून घेण्यात मी तेव्हा पटाईत होतो.

दुपारी जेवताना मी विषय काढला. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी भाकरी मोडता मोडता मला शांतपणे विचारलं, की नाव लिहिणार ते कुठलं? नवऱ्याचं लावलंत तर तो भांडायला येईल. बापाचं लावलंत तर शाळेने काडीमोड दिल्यासारखं होईल. नुसतं तिचं लिहिलंत तर गाव विचारील, की या बाईचं तुमच्याकडे काय आहे. "अकरा जणांची समजूत काढता काढता माझी पुरेवाट झालीय. तुम्ही अजून कायम नाही, मास्तर. जून फार लांब नाही." एवढं बोलून त्यांनी मला आमटी वाढली, आणि मी ती घेतली.

मी स्वतःला सांगितलं, जूनमध्ये लिहू. ऑर्डर हातात पडली की पहिलं काम हेच. दरम्यान मुलांच्या बोटांनी काचा घाण होत होत्या, म्हणून इंगळीच्या पेटीच्या रिकाम्या पट्टीवर मी पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहिलं: 'काचेला हात लावू नये'.

फेब्रुवारीच्या अखेरीला साहेब येणार म्हणून ठरलं. त्याच सुमाराला इंगळी व्याली होती आणि तिची पांढुरकी पिल्लं तिच्या पाठीवर दाटीवाटीने बसली होती. साहेबांच्या येण्याच्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन काचा पुसत होतो, तर बाई दारात. धुवट लुगडं नेसलेली, केस चापून बसवलेले, बरोबर कामावरच्या दोन बाया. त्या दिवसाची मजुरी बुडवून तिघी आल्या होत्या.

"कुटं हाय गुर्जी?" तिने विचारलं. "ह्यास्नी दावायचंय."

खरं सांगायला माझ्याकडे चांगलं अर्धं मिनिट होतं. ते मी खोकण्यात घालवलं. मग माझा हात वर झाला आणि बोट इंगळीच्या पेटीकडे गेलं.

"हे काय."

ती जवळ गेली. डावीकडून उजवीकडे, सावकाश, तिने ती सगळी पट्टी पाहिली.

"येवढं लांब हाय माजं नाव?"

"पुढे 'यांजकडून' असं लिहिलंय," मी म्हणालो. "तशी पद्धत असते."

एकदा खोटं बोलायला लागल्यावर माझी वाणी किती सफाईदार चालते, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मुलाखतीत चालली नव्हती. बरोबरच्या दोघी वाकून पाहत होत्या. एक म्हणाली, ग्वाड लिवलंय. बाईने पदराने बोट पुसलं आणि त्या अक्षरांवरून फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पट्टीवरची काच पुसली. मी खिडकीकडे जाऊन पडदा सारखा करत राहिलो. त्या खिडकीला पडदा नव्हता, गोणपाट होतं.

साहेब आले, इंगळीपाशी थांबले, आणि 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण प्रत्यक्ष पाहायला मिळाली म्हणून फार खूश झाले. सारखी बदली होणाऱ्या माणसाला ती म्हण जवळची वाटली असावी. "हे धाडस कुणाचं?" त्यांनी विचारलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे हात केला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, खेड्यापाड्यांत अशा निर्भय शिक्षकांची गरज आहे असं म्हणाले, आणि निर्भय शिक्षकाने मान खाली घातली. दाराबाहेर बाई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला काय, तिचं नाव आत झळकत होतं. पुढल्या काही दिवसांत इंगळीने आपलीच तीन-चार पिल्लं खाल्ली, पण ते आम्ही साहेबांना कळवलं नाही.

साहेब इतके प्रसन्न झाले की जाता जाता त्यांनी आणखी एक उपक्रम सुचवला. तलावावर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असते, तेव्हा दुपारी, याच खोलीत. शिकवणार अर्थातच मी. हेडमास्तरांनी तिथल्या तिथे होकार दिला. पहिल्या दिवशी आठ बाया आल्या, आणि सगळ्यांत पुढे, इंगळीच्या पेटीसमोर, ती बसली.

"तुम्ही कशाला शिकताय?" मी प्रत्येकीला विचारत होतो. कुणी म्हणाली, पत्र वाचाया. कुणी म्हणाली, यश्टीची पाटी वाचाया.

ती म्हणाली, "माजं नाव वाचाया."

माणूस संकटात सापडला की त्याची बुद्धी चालते म्हणतात. माझी चालली, फक्त उलट्या दिशेने. मी घरी बसून 'काचेला हात लावू नये' या वाक्यातली अक्षरं काढली: क, च, ल, ह, त, व, न, य. ही आठ अक्षरं जितकी लांबवता येतील तितकी लांबवायची, जूनपर्यंत. आणि मी लांबवली. त्या वर्गाला मी दगड शिकवला, खडी शिकवली, घर, पाटी, बरड, भाजी शिकवली. पाणी शिकवता आलं, पण नदी नाही. एका बाईने विचारलं, "गुर्जी, गाय कदी येनार?" मी म्हणालो, गाय अवघड असते. तिने गोठ्यात चार गायी सांभाळलेल्या होत्या, ती माझ्याकडे पाहतच राहिली. महिन्याभराने हेडमास्तर वर्गात डोकावले आणि फळ्यावर 'दगड' पाहून म्हणाले, "अजून दगडच?" मी म्हणालो, पाया पक्का करतोय.

आता कुणीही विचारील, की एवढी उस्तवार करण्यापेक्षा, एखाद्या सुट्टीच्या दिवशी येऊन पट्टीवर तिचं नाव का नाही लिहून टाकलं? हेडमास्तर रोज त्या खोलीतून जात, हे एक कारण. पट्टी बदलली तर तिला कळेल, हे दुसरं. आठवड्यातून सहा दिवस ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, त्यांचा प्रत्येक फाटा तिला पाठ होता. पण खरं कारण यांतलं एकही नव्हतं. मला नोकरी हवी होती, आणि तिच्या नावापेक्षा ती जास्त हवी होती. हे मी तेव्हा स्वतःपाशीही कबूल केलं नाही. मी भाषाशिक्षणाच्या पद्धतीवर विचार करतोय असंच मला वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका बाजाराच्या दिवशी वर्ग संपला. बाकीच्या बाया उठून गेल्या. ती पेट्यांना खायला घालायला मागे राहिली, नेहमीप्रमाणे. मी फळा पुसत होतो. मागून आवाज आला.

"का."

मी पुसायचा थांबलो.

"चे. ला." आवाज बारीक होता, वाचायला नव्याने शिकलेल्याचा असतो तसा. "हा. त. हात."

'ह' मी तिला कधीच शिकवला नव्हता. मी मागे वळलो नाही. फळ्यावर 'दगड' अर्धा पुसलेला होता, मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"ला. वू. न. ये." मग ती जरा थांबली आणि सगळं एकदम म्हणाली. "काचेला हात लावू नये."

वळावंच लागलं तेव्हा मी वळलो. तिचं बोट अजून शेवटच्या अक्षरावर होतं. दुसऱ्या हातात एक अंकलिपी होती, बाजारातून घेतलेली, पिवळ्या पुठ्ठ्याची.

"तुमी लई सावकास शिकवता," ती म्हणाली. "मंग म्या ही आनली. भावाच्या पोरीनं सांगिटलं थोडं." आणि मग, अगदी विद्यार्थ्याने विचारावं तसं, "बरुबर वाचलं का गुर्जी?"

"बरोबर," मी म्हणालो.

"एक बी चूक न्हाई?"

"नाही."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हींची मी मनात तयारी केली होती, दोन्हींवर उत्तरंही होती. तिने झाकण उघडलं, डब्यातलं झुरळ इंगळीपुढे टाकलं, झाकण नीट बसवलं, हात झटकले आणि गेली. मला एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. नंतरही, पुष्कळ कारणं घडूनसुद्धा, वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. वर्गालाही नाही.

मग केंद्राचा शेवट सुरू झाला, आणि तो मी माझ्या हातांनी केला. खायला घालायचं काम आता माझ्याकडे होतं. मी लोहाराकडून दीड हात लांब चिमटा करून घेतला. त्याने जिवंत झुरळ धरता येत नसे, आणि मेलेलं इंगळी खात नसे. शिपायाने एकदा मदत केली आणि मग त्याची पाठ दुखायला लागली. कोळी एकेक करून वाळले. घोण जाळीतून निघून गेली आणि आठ दिवस मी बूट झटकल्याशिवाय घातले नाहीत, खरं तर घातलेच नाहीत. गोचीड मात्र टिकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नगरला आईकडे गेलो, आणि परत आलो तेव्हा इंगळी पेटीच्या कोपऱ्यात पाय आखडून पडलेली होती. तिला बाहेर काढायलाही मला दोन दिवस लागले, कारण ती खरंच मेली आहे याची खात्री होत नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी ऑर्डर आली. मी कायम झालो. कामाचा विशेष उल्लेख होता: कीटक केंद्र.

ऑर्डर खिशात ठेवून मी सरळ त्या खोलीत गेलो, पट्टी खरवडून साफ केली आणि पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलं. नुसतं तिचं, पुढे कुणाचं नाही. तीन अक्षरं. मी आयुष्यात काढलेल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा ती तीन अक्षरं सुंदर आली असं मला वाटलं. हेडमास्तर येऊन पाहून गेले. हरकत घेतली नाही. आता मी कायम होतो, आणि अडचण एवढीच तर होती.

तिला निरोप पाठवला. त्याच संध्याकाळी, कामावरून परतताना ती आली. खोलीत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. पाटी काखेत, तोंडावर मातीचा थर. मी पेटीकडे बोट केलं.

तिने वाचलं. अक्षर अक्षर लावावं लागलं नाही. एकदाच पाहिलं आणि झालं.

"हजेरीवर म्या आता सही करती," ती म्हणाली. "मुकादमानं भावाचं नाव खोडून माजं लिवलंय. दीड म्हैना झाला."

मी म्हणालो, चांगलं झालं.

तिने पुन्हा पेटीकडे पाहिलं. या वेळी पट्टीकडे नाही, काचेतून आत.

"इंगळी कुटंय?"

"मेली."

"मंग ह्यात काय हाय?"

"काही नाही. रिकामी आहे."

तिने पाटी या काखेतून त्या काखेत घेतली. आवाज तिने चढवला नाही. वर्गात मी बोलायचो त्यापेक्षाही हळू बोलली.

"रिकाम्या डब्यावर माजं नाव कशाला? पुसा ते."

आणि ती गेली नाही, थांबली. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. मी फडकं घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव पुसून काढलं. तिने मला सांगितलेल्या कामांपैकी एवढंच मी सांगितल्याबरोबर केलं.